शंभर अक्षरांची ओळ

३ मार्च, सोमवार

अखेर साहेबांनी विषयाला तोंड फोडलं! तीन माणसांची टीम आणि तीन तऱ्हा. साहेबांनी आज फळ्यावर तीन कागद चिकटवले, प्रत्येकाच्या क्वेरीचा एक, वरची नावं कापून. म्हणाले, ‘‘ओळखा बघू कोणाचं काय.’’ ओळखायला काय लागतं! होयबाचं सगळं एका ओळीत, श्वास न घेता. माझं नीट, डावीकडून सरळ. आणि कॉमारावांचं — एका ओळीत एकच शब्द, ओळीच्या डोक्यावर कॉमा, आणि मध्ये मध्ये स्वतःचं प्रवचन. (दोघांची ही नावं मीच पाडलेली, या डायरीपुरती.)

आमचं काम काय, तर हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारायचे, त्याच ह्या क्वेरी. कोणाची तपासणी राहिली, कोणाला पत्र पाठवायचं, कोणाचा रिपोर्ट अडकलाय. प्रश्न तोच असतो, लिहायची पद्धत फक्त वेगळी. साहेब म्हणाले, ‘‘मला महिनाअखेरपर्यंत सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. एकाने लिहिलंय असं.’’

कॉमाराव खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना वाटतं असले विषय त्यांच्या खालच्यांसाठी असतात.

५ मार्च, बुधवार

नियम ठरवायचं काम माझ्याकडे! साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. होयबा लगेच, ‘‘हो हो, मॅडमच बरोबर.’’ कॉमारावांनी मान हलवली. अभिनंदन नाही, काही नाही.

अकरा वर्षं वाट पाहिली मी. इथे लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा ह्याच माणसाने माझी पहिली क्वेरी कागदावर छापून, लाल पेनाने रंगवून, भर मीटिंगमध्ये परत दिली होती. ‘‘हे वाचवत नाही. आणि वाचवत नाही म्हणूनच यात काय राहिलंय ते तुला दिसलं नाही.’’ सगळे हसले होते. काय राहिलं होतं ते आता आठवतही नाही. हसणं आठवतं.

आता त्यांनी माझं वाचावं.

६ मार्च, गुरुवार

आज आईने विचारलं नाही. ब्याण्णवावा दिवस.

बाबा गेले त्याला दीड वर्ष होईल. आमच्याच हॉस्पिटलात, हृदयाच्या वॉर्डात. आईच्या डोक्यात ते राहतच नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की, ‘‘हे कुठे गेले गं?’’ पहिले काही महिने मी खरं सांगायची. मग ती रडायची — पहिल्यांदाच कळल्यासारखी. रोज पहिल्यांदा! एका माणसाला मी किती वेळा मारलं त्याचा हिशोब नाही. मग दादाने फोनवर सांगितलं, ‘‘खरं सांगू नकोस. बाहेर गेलेत म्हण.’’ दुरून सांगायला सोपं असतं. पण ऐकलं त्याचं. बाहेर गेलेत, येतील, बाहेर गेलेत, येतील. आणि डिसेंबरात कधीतरी तिने विचारणं सोडलं. आता सकाळी जिन्याखालच्या पेटीतलं टपाल आणते, मोठ्याने वाचते — विजेचं बिल, गाद्यांची जाहिरात, सगळं. त्यातच रमते.

मी दिवस मोजते. कुणाला सांगत नाही.

१० मार्च, सोमवार

अडीच तास मीटिंग. कशावर? शब्द कॅपिटलमध्ये की स्मॉलमध्ये यावर पाऊण तास! कॉमा ओळीच्या शेवटी की सुरुवातीला यावर एक तास! बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर आम्हाला आमच्याच हॉस्पिटलात भरती केलं असतं.

कॉमाराव म्हणाले, ‘‘कॉमा पुढे असला की एखादी ओळ तात्पुरती बंद करून बघता येते. एका ओळीत एकच अट ठेवली की डोळ्याला चुकत नाही. हे सुंदर दिसण्यासाठी नाही, काही हरवू नये म्हणून आहे.’’

मी म्हटलं, ‘‘सर, तुमची चाळीस ओळींची क्वेरी माझ्याकडे नऊ ओळींत बसते.’’

‘‘बसते गं. बसवायचीच का पण?’’

साहेब हसले. कॉमारावांना नाही, मला. पण मतं घेतली. होयबा माझ्या बाजूने, साहेब माझ्या बाजूने. कॉमाराव एकटे. मतं मोजताना त्यांचा हात खाली टेबलावर होता, मी बघत होते त्याच्याकडे.

१४ मार्च, शुक्रवार

बारा नियम लिहून झाले. मला आवडलेत ते. खोटं कशाला लिहू.

पहिला — फाइलच्या माथ्यावर जबाबदार माणसाचं नाव. सातवा — ओळ शंभर अक्षरांपर्यंत भरायची, उगाच तुकडे करायचे नाहीत. बारावा — जुन्या प्रती साठवायच्या नाहीत, त्याने फक्त अडगळ होते. सातवा कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं. त्यांनाही.

१७ मार्च, सोमवार

अंमलबजावणी सुरू. माझ्या सहीशिवाय काहीही पुढे जायचं नाही. होयबाच्या तीन फाइली परत, कॉमारावांच्या अकरा. लाल रंग वापरला. स्क्रीनवर लाल असतो ना, पेन लागत नाही.

मला वाटलं होतं की आतून काहीतरी हलकं होईल. झालं. दुपारपर्यंत.

१९ मार्च, बुधवार

कॉमाराव माझ्या टेबलापाशी आले. कधी येत नाहीत. उभेच राहिले.

‘‘नवीन सगळं तुझ्या नियमाने लिहितो. शब्द देतो. पण जुन्या फाइली एकगठ्ठा मशीनने बदलू नकोस. माझ्या माझ्याकडे दे, मी हाताने करतो. दोन महिने दे मला.’’

‘‘साहेबांनी महिनाअखेर सांगितलीय.’’

‘‘साहेबांना मी सांगतो.’’

बघा! साहेबांना ‘मी सांगतो’! अजून वाटतंय की दोर त्यांच्याच हातात आहेत. म्हटलं, ‘‘सर, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत ना तुमचे? कशाला त्रास करून घेता?’’

ते वळले. जाताना माझी खुर्ची टेबलाला लागली होती ती सरळ केली. असल्या गोष्टींची फार चीड येते मला.

२१ मार्च, शुक्रवार

झालं! तीनशे बारा फाइली, चौदा मिनिटं. बाजारात तयार साधनं मिळतात, होयबाने एक आणूनही दिलं होतं. मी म्हटलं, नको, आपल्या नियमांसाठी फाइली बदलणारी आपलीच स्क्रिप्ट हवी. मीच लिहिली. मोकळ्या जागा काढते, शब्द कॅपिटल करते, तुटक ओळी जोडून शंभर अक्षरांपर्यंत भरते. सगळ्या फाइली चालवून बघितल्या. एरर शून्य. एकही नाही!

कॉमाराव म्हणाले, ‘‘चालतात ते कळलं. निकाल तेच येतात का ताडून पाहिलंस?’’

अपयश शोधायची काय हौस असते माणसाला! म्हटलं, ‘‘मोकळ्या जागा काढल्यात सर, अक्कल नाही काढली.’’ होयबा इतका हसला की त्याला ठसका लागला.

बाराव्या नियमाप्रमाणे जुनं फोल्डर पुसलं. एक प्रत माझ्या मशीनवर ठेवली, सवयीने.

२४ मार्च, सोमवार

साहेबांनी मोठ्या साहेबांना आमचं काम दाखवलं. पानामागून पान, सगळं एकसारखं. ‘‘एकाने लिहिलंय असं वाटतं,’’ मोठे साहेब म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

टीम लीडची जागा मे महिन्यात भरणार आहेत. होयबाने आतापासूनच मला चहा आणून द्यायला सुरुवात केलीय.

१ एप्रिल, मंगळवार

तपासणीची पत्रं निघाली. दर महिन्याच्या एक तारखेला निघतात. काही विशेष नाही. आई एकशे अठरा.

७ एप्रिल, सोमवार

सकाळपासून चौकशीच्या खिडकीवर आरडाओरडा. एक बाई पत्र घेऊन आली. तिच्या नवऱ्याला तपासणीला बोलावलंय. नवरा जाऊन तीन वर्षं झाली! खिडकीवरची मुलगी म्हणते, फोनही येताहेत, सगळे तसेच. एका माणसाने म्हणे शांतपणे विचारलं, ‘‘मुलीला घेऊन कुठे येऊ ते सांगा.’’ ती मुलगी फोन ठेवून रडत बसली.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पत्रांची क्वेरी कॉमारावांची. माथ्यावर नाव आहे. पहिला नियम.

मनात काय आलं ते लिहिते, इथे तरी लपवायचं कशाला? आलं — बरं झालं.

८ एप्रिल, मंगळवार

सापडलं.

बरं झालं नाही.

मी सकाळी सातलाच आले होते, ऑफिसात कोणी नव्हतं. कॉमारावांची चूक काढायला आले होते. त्यांच्या जुन्या फाइलीत, माझ्या मशीनवरच्या प्रतीत, पत्रं कोणाला पाठवायची त्याच्या अटी एकाखाली एक होत्या. शेवटची अट — ज्यांच्या नावापुढे मृत्यूची तारीख आहे त्यांना वगळा. आणि तिच्या वर, वेगळ्या ओळीत, कॉमारावांची टीप. टीप म्हणजे दोन आडव्या रेघा मारायच्या आणि पुढे माणसांसाठी लिहायचं. रेघांनंतर त्या ओळीत जे काही असेल ते मशीनला दिसत नाही. मशीनसाठी ते नसतंच.

टीप अशी होती — ‘खालची अट काढू नका. एकदा राहून गेली होती.’

माझ्या स्क्रिप्टने ओळी जोडल्या. खालची अट उचलून वरच्या ओळीला चिकटवली, शंभर अक्षरं भरली. रेघांच्या पुढे. झालं! एरर कशाला येईल? वाक्य पुरं होतं. फक्त मेलेल्यांना वगळायचं राहिलं. काढू नका म्हणणाऱ्या ओळीनेच ती अट गिळली, आणि तिच्या तोंडात ती मी घातली.

अजून एक. तेवढं लिहायला हात होत नाहीये. ‘एकदा राहून गेली होती’ — कोणाकडून? मला आठवलं. लाल पेनाचा तो कागद. माझी पहिली क्वेरी. तिच्यात हेच राहिलं होतं. पत्रं जायच्या आधी त्यांनी पकडलं. आणि टिपेत नाव लिहिलं नाही. अकरा वर्षं ती टीप तिथे होती, माझ्या नावाशिवाय.

किती पत्रं गेली ते मोजलं. दोनशे चौदा. नावं वाचली नाहीत. आकडा बघितला आणि बंद केलं.

दुपारी. टपाल विभागातल्या काकांचा फोन आला. ‘‘मॅडम, दोन गठ्ठे अजून इथेच आहेत. नावं द्या, बसून एकेक काढतो.’’ यादी काढायला मला दोन मिनिटं लागली असती. पण यादी दिली की साहेब विचारणार, नेमकं काय राहिलं ते तुला कसं कळलं? आणि कधी कळलं?

म्हटलं, ‘‘काका, यादी निघत नाही अजून. शोधतेय.’’

‘‘थांबवून ठेवू?’’

‘‘त्यात बाकीच्यांची खरी पत्रंही असतील ना. जाऊ द्या.’’

‘‘बरं बाई,’’ म्हणाले. त्यांचा आवाज फार थकलेला वाटला, किंवा मला वाटला.

९ एप्रिल, बुधवार

मीटिंग. साहेबांनी फाइल पडद्यावर लावली. माथ्यावर नाव — कॉमारावांचं. साहेब म्हणाले, ‘‘मृत्यूची अट रेघांच्या पुढे गेलीय. म्हणजे बंद करून ठेवलेली. कोणी केली?’’

कॉमाराव पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, ‘‘जुनी प्रत बघू या. माझ्याकडे ती वेगळ्या ओळीत होती.’’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘जुनी प्रत आहे?’’

‘‘बाराव्या नियमाप्रमाणे पुसलीय,’’ मी म्हटलं.

हे खोटं नाही. फोल्डर पुसलंय. — हे इथे, स्वतःलाच, असं लिहायची वेळ आली!

साहेब म्हणाले, ‘‘ओळी बंद करून बघायची तुमची सवय आहे ना? तुम्हीच सांगत होता मीटिंगमध्ये.’’ होयबा म्हणाला, ‘‘हो हो, सांगत होते.’’

कॉमारावांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलंय. दोन वाक्यांत त्यांनी सगळं उलगडून सांगितलं असतं आणि साहेबांना पटलंही असतं, निदान शंका आली असती. बोलले नाहीत. मी बोलावं म्हणून थांबले होते. पूर्ण एक मिनिट! मी पाणी प्यायले.

११ एप्रिल, शुक्रवार

कॉमारावांना रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. तळघरात, कागदांच्या गठ्ठ्यांत. चौदा महिने तिथे काढून निवृत्त व्हायचं. निवृत्तीचा समारंभ तळघरात करतात का?

टेबल आवरलं त्यांनी. एक फूटपट्टी, चष्म्याची डबी, मुलीच्या लग्नातला एक फोटो. माझ्यापाशी आले. वाटलं, आता. आता बोलतील, आणि मग मी सांगून टाकेन, सगळं सांगून टाकेन.

म्हणाले, ‘‘आईची तब्येत कशी आहे?’’

‘‘बरी आहे सर.’’

‘‘जप तिला.’’

गेले. मला शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! चांगुलपणा दाखवून माणसं अशी जातात आणि आपल्याला रोज त्याच खोलीत बसायचं असतं. अजूनही राग येतो. कोणाचा ते मात्र लिहीत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

टीम लीड मी. मे कशाला, आत्ताच. होयबाने टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

अट पहिल्यासारखी केली. सातवा नियम गुपचूप बदलला. बदलाच्या कारणात लिहिलं, ‘वाचायला सोपं जावं म्हणून.’

१७ एप्रिल, गुरुवार

विचार केला. नुकसान काय झालं? कागद गेले. लोक चिडतील, फाडतील, विसरतील. साहेबांनी माफीचं पत्रही काढलंय, मजकूर मीच बघितला. चौदा महिने उरलेल्या माणसाला तळघर काय आणि वर काय. मला अजून चौदा वर्षं काढायची आहेत. आईच्या औषधांना, तिच्याजवळ दिवसा बसणाऱ्या बाईला ही नोकरी लागते. हे सगळं खरं आहे. एकेक ओळ खरी आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

तळघराच्या जिन्यापर्यंत गेले. परत आले. वर येताना टपालवाले काका भेटले. म्हणाले, ‘‘ते दोन गठ्ठे पाठवले बरं का. तुमच्याच भागातले होते, उशिराने पोचतील.’’

हो म्हटलं.

आई एकशे पस्तीस.

२२ एप्रिल, मंगळवार

आज ऑफिसला गेले नाही. आईने मला हाका मारून उठवलं. आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून दारापाशी खुर्चीवर बसलेली. मांडीवर बाबांची रिपोर्टांची पिशवी, वर त्यांचा निळा शर्ट इस्त्री केलेला. इस्त्री तिने एकटीने केली. हातात पत्र.

‘‘साडेदहाची वेळ दिलीय यांना. हे अजून आले नाहीत बाहेरून. तू एक फोन कर ना त्यांना.’’

मी म्हटलं, आई, पत्र चुकून आलंय.

‘‘चुकून कसं येईल? तुमच्याच ऑफिसातून आलंय. किती नीट लिहिलंय बघ.’’

अकरा वाजून गेलेत. मी आतल्या खोलीत हे लिहितेय. ती अजून दारातच आहे. तळघरातला नंबर शोधून ठेवलाय. पण आधी बाहेर जाऊन तिला सांगायचंय. पहिल्यांदा.